चार नंबरचा समुद्र

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात पाय घातला तो बासष्टाव्या वर्षी. पण त्याआधी चार महिने त्या समुद्राची चौकशी करत होत्या. चौकशी म्हणजे आपण करतो तसली नाही. मोबाइलवर दोन फोटो बघितले, तारे मोजले, बुकिंग केलं, संपलं, अशी तर मुळीच नाही. सासूबाईंनी चौकशीला घेतलं की समुद्रानंसुद्धा निमूटपणे कागदपत्रं काढून दाखवावीत.

मी हे कौतुकानं लिहिते आहे, आणि या हकिगतीत चूक माझी आहे हे आधीच सांगून टाकते. पुण्यातल्या माणसानं स्वतःची चूक लेखी कबूल करावी हा प्रसंग वारंवार येत नाही, तेव्हा सावकाश वाचा.

सुहासिनी विश्वंभर मोकाशी हे नाव तुम्ही ऐकलेलं असायचं काही कारण नाही. पण गेल्या तीस-एक वर्षांत बडोद्याहून गाडी पकडली असेल, तर त्यांचा आवाज तुमच्या कानावर पडलेला असू शकतो. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीमागे त्या एकतीस वर्षं बसल्या. डभोईची गाडी कितीला, सुरतेची कुठल्या फलाटावरून, पाकीट मारलं, म्हातारी हरवली, संडास कुठे आहे, हे सगळं त्या काचेतल्या एकाच भोकातून आत यायचं. आई (मी त्यांना आईच म्हणते) गुजरातीला गुजरातीत, हिंदीला हिंदीत आणि मराठीला त्यांच्या त्या बडोदी मराठीत उत्तर देत. ‘माहीत नाही’ असं आपण एकदाही म्हटलं नाही, असं त्या सांगतात. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

त्यांचं एक ठाम मत आहे. खिडकीशी आलेला माणूस विचारतो एक आणि त्याला हवं असतं दुसरं. ‘राजकोटची गाडी कितीला?’ असं विचारणाऱ्या आजोबांना वेळ ठाऊक असते. जिना न चढता त्या फलाटावर जाता येईल का, हे त्यांना हवं असतं. पण ते विचारायची लाज वाटते. म्हणून आई वेळ सांगायच्या आणि त्याच दमात लिफ्ट कुठे आहे तेही सांगायच्या, जणू काही ती माहिती सगळ्यांनाच देतात. आजोबांची लाज राहायची. मला विचाराल तर एकतीस वर्षांत त्यांनी गाड्यांपेक्षा हेच जास्त केलं.

आणि नेमकं हेच त्यांना घरी करता येईना.

घरी विश्वंभर मोकाशी होते, म्हणजे माझे सासरे. बाबा नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात बॉयलरवर होते. कडक माणूस. दोन जिने एका श्वासात चढणारा, गॅसचं सिलिंडर खांद्यावर टाकून आणणारा, आणि दुसऱ्यानं पिशवी धरू का म्हटलं तर रागावणारा. आई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात बाबांची डावी बाजू गेली. अर्धांगवायू. सहा महिन्यांत काठी धरून घरात चालू लागले, बोलणंही बरंचसं सुधारलं. डॉक्टर खूश होते. मग एक लग्न आलं.

नात्यातलंच लग्न. हॉल पहिल्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. चार हौशी पोरांनी बाबांना खुर्चीसकट उचललं. खाली बँड वाजत होता, कुणीतरी गमतीत ‘बाप्पा मोरया’ ओरडलं, कुणीतरी व्हिडिओ काढला. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं, हे बाबाही मान्य करतात. ते जेवले, आहेर दिला, घरी आले आणि त्यानंतर दोन वर्षं उंबऱ्याबाहेर पडले नाहीत. न्हावी घरी, डॉक्टर घरी, पेन्शनचा हयातीचा दाखला घरी. दांडिया बाजारातलं आमचं घर तळमजल्यावर आहे. सुरसागर तलाव चालत पाच मिनिटांवर. आईंनी किती वेळा म्हणावं, ‘संध्याकाळी जरा पाळीवर जाऊन बसू ने.’ बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘माझी पालखी एकदा निघाली तेवढी पुरे.’

दीवला जायचं हे निवृत्तीआधीपासूनचं ठरलेलं होतं. सौराष्ट्राच्या पायथ्याशी चिकटलेलं हे छोटंसं बेट, बारा महिने ऊन आणि चहूकडे पाणी. ‘दिवाळीत, होळीत, उन्हाळ्यात लोकांना गाड्या सांगत बसले, आता मी जाणार,’ असं आईंनी खिडकीतल्या शेवटच्या दिवशी जाहीर केलं होतं. आजाराने ते राहिलं. गेल्या सप्टेंबरात मी आणि अमोघ, म्हणजे माझा नवरा, पुण्याहून गणपतीला आलो, तेव्हा आईंनी पुन्हा विषय काढला. बाबा म्हणाले, ‘येतो. एकदा. मला माझ्या पायानं पाण्यात जायचंय आणि माझ्या पायानं बाहेर यायचंय. तिथे कुणी मला उचललं, तर त्यानंतर मरेपर्यंत मला दाराबाहेर चल म्हणायचं नाही. कबूल?’

अमोघ काहीतरी समजुतीचं बोलायला गेला. आईंनी त्याला हातानं गप्प केलं. ‘कबूल,’ म्हणाल्या.

मला त्या वेळी वाटलं, बाईंनी घाई केली. समुद्रकिनारा म्हणजे घसरडं, उतरतं, पायाखालून सरकणारं. साठ पावलं चालून दम लागणारा माणूस तिथे करणार काय? पण मी आईंना तेव्हा नुकतीच ओळखायला लागले होते.

दुसऱ्या दिवसापासून चौकशी सुरू झाली. गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे ‘दीवला जातोय’ म्हटलं की बडोद्यात माणूस आधी डोळा मारतो. कोपऱ्यावरच्या फरसाणवाल्यानं तर आईंनाही विचारलं, ‘ओहो, मावशी, दीव?’ आई म्हणाल्या, ‘हो. तिथल्या वाळूची तपास करतेय.’ तो बिचारा हिरमुसला.

फोटो त्यांनी पाहिलेच नाहीत. ‘फोटो काढणारा काय स्वतःचा पाय दाखवतो?’ हा त्यांचा सवाल. त्यांना माणसं हवी होती. एसटीतला ओळखीचा कंडक्टर, त्याची दीवजवळ दिलेली बहीण, बहिणीच्या शेजारची शिक्षिका, असं करत करत दीड महिन्यात आईंकडे बेटावरच्या अकरा माणसांचे नंबर जमले. त्यात एक नारळवाला होता. बेटाच्या एका आडबाजूच्या किनाऱ्यावर त्याची हातगाडी. आईंनी त्याला विचारलेला पहिला प्रश्न मी मधल्या एका बडोद्याच्या फेरीत स्वतः ऐकला आहे, ‘भाई, गाडी थी पाणी सुधी केटलां डगलां?’ म्हणजे मोटारीपासून पाण्यापर्यंत पावलं किती.

पलीकडून हसू आलं. ‘बेन, दरियो में कोई दी माप्यो नथी.’ समुद्र मी कधी मोजलेला नाही म्हणे.

‘तर उद्या माप ने,’ आई म्हणाल्या.

आणि त्यानं खरोखर मोजला! दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन आला. एकशे बारा पावलं, पण ओहोटी लागून दीड तास झाल्यावर. तेव्हा वाळू ओली आणि टणक असते, पाय रुतत नाही. त्याआधी गेलात तर पाणी जवळ पण वाळू भुसभुशीत, नंतर गेलात तर पाणी लांब. आईंनी ते वहीत लिहिलं. इकडे बाबा स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत फेऱ्या घालायचे, तेव्हा भाजी चिरता चिरता त्या मनात पावलं मोजायच्या. बाबांना पत्ता नव्हता. साठाला थांबायचे ते दिवाळीपर्यंत सत्तरला थांबू लागले.

वहीत किनाऱ्यांना नावं नव्हती, नंबर होते. रेल्वेतल्या बाईला जागा म्हटली की नंबर लागतो. एक नंबर म्हणजे नागवा बीच, तो सगळ्यांना ठाऊक आहे. बाकीच्यांची नावं मी मुद्दाम सांगत नाही, नाहीतर तुम्ही सगळे तिथे जाऊन गर्दी कराल. आईंच्या अक्षरातल्या नोंदी मात्र जशाच्या तशा देते. ‘एक नंबर. गाडी रेतीपर्यंत जाते. पाणी शांत, माणसं अशांत. दोन नंबर. खडक. डोळ्याला छान, पायाला नाही. तीन नंबर. सूर्यास्त बघून परत चढायचं कसं ते कोणी सांगत नाही. पाच नंबर. रेती चांगली, पाणी लबाड, आत ओढतं.’ आणि मध्ये, दोन रेघा ओढून, ‘चार नंबर. एकदम खाली. सकाळी तर पूर्ण खाली. हाच.’

या पानाचा फोटो त्यांनी मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. बुकिंग माझ्याकडे होतं. चार नंबरच्या शेजारी एक साधं गेस्ट हाउस होतं, तिथे दोन खोल्या घ्यायच्या होत्या.

आता माझी चूक. मी पान वाचलं आणि कपाळाला हात लावला. एकदम खाली! म्हणजे कड्याच्या तळाशी कुठेतरी, पायऱ्या उतरून. सकाळी तर पूर्ण खाली, म्हणजे सकाळी ओहोटीचं पाणी आणखी खाली जात असणार. आणि ‘हाच’? काठी घेऊन चालणाऱ्या माणसाला? मला वाटलं, आई नारळवाल्याच्या गोड बोलण्याला भुलल्या. कुणीतरी शहाण्या माणसानं हे निस्तरायला हवं, आणि घरातलं शहाणं माणूस कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती.

एक फोन केला असता तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. पण आमच्याकडे विचारणं म्हणजे कमीपणा. माहीत नसलं तरी माहीत असल्यासारखा चेहरा करून पुढे जायचं, ही शिकवण मला दुधाबरोबर मिळालेली आहे. मी मुकाट्यानं चार नंबर रद्द केला आणि एक नंबरवरचं, चांगले तारे असलेलं हॉटेल घेतलं. त्यांच्या पानावर ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ असं लिहिलेलं होतं. आईंनी फोनवर विचारलं, ‘झालं का गं बुकिंग?’ मी म्हटलं, ‘झालं, आई. समुद्राला अगदी लागून.’

जानेवारीतल्या एका शनिवारी आम्ही चौघं गाडीनं निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. दोन वर्षांनी दाराबाहेर पाऊल टाकताना त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, आणि आम्हीही पाहत नसल्याचं दाखवलं. दुपारी तीनच्या सुमाराला दीवचा पूल ओलांडला. ऊन लखलखीत होतं. अमोघनं गाडी उजवीकडे वळवली तेव्हा आईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. रस्ता चार नंबरचा नाही हे त्यांनी तिथेच ओळखलं असणार. पण बाबांसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

एक नंबरला जत्रा भरली होती. स्कूटर, भोंगे, फुगे, रंगीत छत्र्या, ओल्या कपड्यांत सेल्फी काढणारी अख्खी कुटुंबं. हॉटेलच्या दाराला सहा पायऱ्या. ‘व्हीलचेअर फ्रेंडली’चा अर्थही तिथे कळला. व्हीलचेअर होती आणि तिच्यासकट माणूस उचलणारे दोन अतिशय मैत्रीपूर्ण कर्मचारी होते. बाबा गाडीतून उतरायच्या आत ते खुर्ची घेऊन धावत आले. ‘दादा, बेसी जाव, उचकी लईए!’ म्हणजे बसा, उचलून नेतो.

बाबांनी काठी आडवी धरली. आजूबाजूचे दहा-बारा लोक थबकून बघायला लागले. बाबा परत गाडीत बसले आणि दार ओढून घेतलं. ‘अमोघ, गाडी वळव. बडोदा.’

मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई खिडकीशी वाकल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, ‘इतका प्रवास लगेच तुम्हाला फावायचा नाही. उद्या सकाळी दहापर्यंत थांबा. दहाला तुम्ही निघा म्हणालात तर मी स्वतः पिशव्या उचलते.’

बाबांनी दारावरचा हात काढला. ‘दहा,’ म्हणाले.

समोरच्या चहावाल्याकडे आईंनी दोन मिनिटं चौकशी केली आणि दहा मिनिटांत आम्ही मागच्या गल्लीत होतो. पायऱ्या नसलेल्या तळमजल्याच्या दोन खोल्या, कुणी न बघता बाबा आत. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी बाहेर ओट्यावर बसून रडायची तयारी करत होते, तेवढ्यात आई शेजारी येऊन बसल्या.

‘चार नंबरचं काय झालं गं? जागा नव्हती?’

‘जागा होती, आई. पण ते एकदम खाली होतं ना!’

‘हो. खाली आहे म्हणून तर घेतला.’

‘पण बाबा उतरणार कसे?’

‘कुठून उतरणार?’

‘वरून! तुम्हीच लिहिलंत, एकदम खाली.’

हळूहळू आईंच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत गेलं. ‘अगं, खाली म्हणजे रिकामा! कोणी नाही! आमच्या गुजरातीत खाली म्हणजे रिकामं. डबा खाली, गाडी खाली, बीच खाली. कोणी बघायला नाही म्हणून हाच, असं लिहिलं मी. सपाट आहे गं तो, टेबलासारखा!’

मला हसावं की रडावं कळेना. आई मात्र हसल्या, पदर तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसू ओसरल्यावर म्हणाल्या, ‘चूक माझी आहे. खिडकीत मी प्रत्येकाला विचारायची, समजलं ने? तुला विचारलंच नाही.’

एकतीस वर्षांत एकाही प्रवाशाला चुकीच्या गाडीत न बसवलेली बाई माझी चूक स्वतःकडे घेत होती. मी म्हटलं, ‘नाही आई, मी विचारायला हवं होतं.’ हे वाक्य मी लग्नानंतर पहिल्यांदा बोलले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि फोन काढला.

नारळवाल्याचा आवाज मोठा होता, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. आईंनी वेळ विचारली. तो म्हणाला, सकाळी आठ चाळीसला या. मग उत्साहानं म्हणाला, ‘बेन, तमे चिंता ना करो, कोथळा काढी राख्या छे!’

मी ताडकन उभी राहिले. आमच्याकडे कोथळा काढतात तो फार वेगळ्या प्रसंगी काढतात. या वेळी मात्र मी शहाणी झाले होते. तोंड उघडून विचारलं, ‘आई, कुणाचा कोथळा?’

‘कोथळा म्हणजे पोतं गं बाई. वरची रेती कोरडी असते ने, तिथं पाय रुततो. म्हणून त्याला सांगितलं होतं, ओली पोती अंथर.’

सकाळी आठ चाळीसला आम्ही चार नंबरला पोहोचलो. बाबा आले ते दहा वाजेपर्यंतचा शब्द दिला होता म्हणून. चेहरा दगडी. गाडी थांबली तिथून पोत्यांची सरळ वाट सुरू होत होती, ओली, दाबून बसवलेली. तिच्यापुढे गुळगुळीत तपकिरी वाळू, आणि तिच्यापुढे समुद्र. किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. नारळवाला पन्नाशीचा, उंच माणूस. त्यानं लांबूनच हात जोडले आणि आपल्या हातगाडीकडे तोंड फिरवून नारळ रचत बसला. हेही आईंनी सांगून ठेवलेलं असणार.

बाबा उतरले. आई त्यांच्या उजव्या बाजूला, दोन हात अंतर ठेवून. हात धरला नाही. अमोघ आणि मी मागे. अमोघच्या हातात प्लास्टिकची खुर्ची. मी पावलं मोजत होते, ओठ न हलवता. पोती संपली तेव्हा सव्वीस झाली होती. ओल्या वाळूत काठीचं टोक नीट टेकत होतं. साठ. सत्तर. बाबा थांबले. अमोघनं खुर्ची ठेवली, बाबा बसले, पाण्याकडे बघत राहिले. पाच मिनिटांनी स्वतःच उठले. ऐंशी, नव्वद, शंभर. एकशे अकराव्या पावलाला पाणी त्यांच्या अंगठ्याला लागलं. नारळवाल्याचा हिशेब एका पावलानं चुकला होता.

बाबा आणखी चार पावलं आत गेले. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं. त्यांनी मान वर करून पहिल्यांदा समोर पाहिलं, आणि तेवढ्यात परतणाऱ्या लाटेनं त्यांच्या टाचांखालची वाळू नेली. काठी कलली आणि बाबा धपकन पाण्यात बसले.

अमोघ खुर्ची टाकून धावला. आईंचा आवाज मी आयुष्यात चढलेला ऐकला नव्हता, तो त्या दिवशी ऐकला. ‘हात लावू नकोस!’

अमोघ जागच्या जागी थिजला. बाबा छातीपर्यंत पाण्यात, डोळे मिटलेले. बडोदा, दाराची कडी, घरी येणारा न्हावी, उरलेली सगळी वर्षं त्या मिटलेल्या डोळ्यांमागे दिसत होती. आता हे कायमचं घरात बसणार, असं माझ्या मनात आलं.

आईंनी पदर खोचला, चष्मा काढून माझ्याकडे फेकला आणि बाबांच्या शेजारी साडीसकट सरळ समुद्रात बसकण मारली.

‘काय गार आहे हो पाणी!’ म्हणाल्या.

बाबांनी डोळे उघडले. एक लाट आली, दोघांच्याही तोंडावर फुटली. आई ठसकल्या, थुंकल्या, परत ठसकल्या. ‘खारट आहे,’ त्यांनी जाहीर केलं. चार महिन्यांच्या चौकशीत ही एक गोष्ट कुणी सांगितली नव्हती म्हणे. आणि बाबा हसले. दोन वर्षांत ते हसल्याचं मला आठवत नाही. वाकडं, अर्ध्या तोंडाचं, पण खणखणीत हसू. पंधरा-वीस मिनिटं ते दोघं तिथे बसून होते. काय बोलत होते ते लाटांमुळे ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी लिहिलं नसतं.

मग उठायची वेळ आली. आईंनी आधी उठून खुर्ची बाबांसमोर ठेवली, पाय वाळूत दाबून, आणि चार पावलं मागे सरल्या. पुढचं बाबांचं बाबांनी. आधी उजव्या हातावर वजन, मग गुडघ्यावर. खुर्चीचा हात पकडला, सुटला. परत पकडला. एक लाट आली, तिला जाऊ दिलं. डावा पाय ओढून घेतला. मी मुठी इतक्या आवळल्या होत्या की नंतर पाहिलं तर तळव्यावर नखांचे व्रण उठले होते. अमोघ रडत होता, उघडपणे, लहान मुलासारखा. सात-आठ मिनिटं लागली असतील. बाबा उभे राहिले. आईंनी खुर्चीला टेकवून ठेवलेली काठी उचलली. एकट्यानं, आपल्या पायांवर, पाण्याबाहेर आले.

मला जो अभिमान वाटला तो कुणाचा, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. वाळूतून उठलेल्या त्या माणसाचा तर होताच. पण त्याहून जास्त, आपला हात मागे आवरून धरलेल्या त्या ओल्या साडीतल्या बाईचा होता. धावून जाऊन उचलणं आम्हा सगळ्यांनाच जमतं. न उचलता उठू देणं हे एकाच व्यक्तीला जमलं. ती माझी सासू आहे, हे मी हल्ली ओळख नसलेल्या माणसांनाही सांगते.

बाबा खुर्चीत बसले. नारळाचं पाणी प्यायले. अंगावरून समुद्र निथळत होता. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. मैलभर किनारा आणि एकही माणूस नाही. कपाळाला आठी पडली.

‘काय हो?’ आईंनी विचारलं.

‘काय म्हणजे?’ बाबा चिडून म्हणाले. ‘एवढं केलं मी, आणि बघायला कुणीच नाही?’

आईंनी माझ्याकडून चष्मा घेतला, पदरानं पुसला, घड्याळात पाहिलं. ‘कालच्या त्या नागव्याला साडेदहापासून गर्दी होते. आत्ता निघालो तर मिळेल.’

आम्ही पोती गोळा करायला वाकेपर्यंत बाबा गाडीकडे चालू लागले होते.